यंत्र बंद ठेवलेला सोमवार

आमच्या घरात गाद्या तयार व्हायच्या आणि झोपत नव्हते ती मी एकटीच. दहावीचं वर्ष होतं. शहाद्यात आमचं गादीचं दुकान, पुढे दुकान आणि मागे घर. अब्बा कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे, अम्मी दाभणाने टाके घालायची. लग्नसराईत माझाही हात लागायचा. दुकानात कापसाचा ढीग छातीपर्यंत यायचा, भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यांवरसुद्धा तंतू बसलेले असायचे. तो वास अजून कुठे आला तर मी रस्त्यात थांबते. उन्हात तापलेल्या कापसाचा, थोडा सरकीचा, थोडा यंत्राच्या तेलाचा.

सकाळी सहाचा क्लास होता. त्याआधी अभ्यास व्हावा म्हणून चारचा गजर. तिथून शाळा, शाळेतून दुकान, जेवण, परत पुस्तक. लोकांना मी एवढंच सांगते. खरं सांगायचं तर पुस्तकाखाली अम्मीचा मोबाइल असायचा, आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणाचा किती धडा झाला याच्या थापा बारा-साडेबारापर्यंत चालायच्या. सगळ्या एकीपेक्षा एक. जी जास्त जागली ती जास्त हुशार, असा आमचा हिशोब. चार तास झोपले तर मला अपराधी वाटायचं, तीन तास झोपले तर मान ताठ.

दिवाळीनंतर माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. चहात मीठ घातलं. धाकट्या भावाने पेन उचललं म्हणून त्याला अशी चापट मारली की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पाठ केलेली सूत्रं पेपरात आठवेनात. बसस्टँडवर एकदा मामूंकडे जायला म्हणून नंदुरबारऐवजी तळोद्याच्या एसटीत जाऊन बसले, कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा रडायला लागले. अम्मी म्हणायची, पोरीला नजर लागली. नजर कसली, झोप नव्हती. पण हे तेव्हा कुणी बोललं असतं तर मी त्याचं डोकं फोडलं असतं.

त्यात तो रविवार आला. प्रकाशा गावाकडचे एक शेतकरी काका होते, अब्बांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीचं लग्न शुक्रवारी होतं. आमच्याकडे त्या पट्ट्यात अशी रीत आहे की मुलीच्या आंदणातल्या गाद्या स्वतःच्या शेतातल्या कापसाच्या भरायच्या, तेही पहिल्या वेचणीच्या. विकतचा कापूस चालत नाही. काका सरकी काढून आणलेला कापूस स्वतः दुकानात उतरवून गेले होते आणि जाताना अब्बांना म्हणाले होते की यात दुसरं बोंडसुद्धा पडू देऊ नका. अब्बांनी शब्द दिला होता.

त्याच दुकानात दुसऱ्या कोपऱ्यात एक जुनी गादी फाडून ठेवली होती. गावातल्या एका घरातले आजोबा महिनाभर अंथरुणाला खिळून त्याच गादीवर गेले होते. घरच्यांना टाकवत नव्हती, म्हणून कापूस पिंजून शेतातल्या राखणदारासाठी नवी भरून हवी होती. अब्बांनी मला दोन्ही ढीग दाखवले. आधी आंदणाचा पिंजायचा, मग यंत्र झाडून घ्यायचं, मग जुना. एवढं सांगून ते नमाजला गेले. हे काम मी दहा वर्षांची असल्यापासून करत होते. डोळे मिटून केलं असतं, आणि तेच झालं.

यंत्राची घरघर, हाताला मऊ कापूस, दुपारचं ऊन. मला एवढंच आठवतं की मी हाताने ओढून ओढून कापूस घालत होते. मग मी जागी झाले ती पिंजलेल्या ढिगावर गाल टेकून. यंत्र मोकळं फिरत होतं. समोर आंदणाचं पोतं रिकामं, आणि कोपऱ्यातली जुनी गादीही रिकामी. नुसतं डागाळलेलं कापड पडलं होतं. दोन्ही कापूस एकाच ढिगात गेला होता आणि ढीग दह्यासारखा पांढराशुभ्र दिसत होता. पिंजल्यावर कापसाचं वय कळत नाही. अल्लाच्या साक्षीने सांगते, पहिला विचार आला तो हाच, की कुणाला कळणार नाही.

मी ते जुनं कापड घडी घालून आत लपवलंसुद्धा. मग त्या नवरीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. कापड पसंत करायला ती आमच्या दुकानात आली होती, हिरव्या-गुलाबी पट्ट्यांचं घेतलं होतं, आणि मला म्हणाली होती की मला गादी जाड लागते बरं का. तिला मी माणूस गेलेल्या अंथरुणावर निजायला लावणार होते. अब्बा दारात आले तेव्हा मी ते लपवलेलं कापड परत काढून छातीशी धरून उभी होते. सगळं सांगितलं. मला वाटलं आता पहिल्यांदा त्यांचा हात उठेल. बाजारात अब्बांच्या शब्दावर लोक न बघता गादी घेऊन जायचे, दुसरी कमाई त्यांनी केलेलीच नव्हती.

अब्बांनी यंत्राचं बटण बंद केलं. ढिगात हात घातला, कापूस बोटांत चोळून पाहिला. मग विचारलं, "रात को कितना सोई तू?"

मी बोटांवर मोजलं. तीन तास. परवा? तेवढेच. त्याआधी? मला आठवेना. त्यांनी स्कूटर काढली आणि मला मागे बसायला सांगितलं.

काका अंगणात खाटेवर बसले होते, मंडपाचे बांबू पडले होते. अब्बांनी टोपी नीट केली आणि उभ्या उभ्या सांगितलं, "कापूस मिसळाई ग्या भाऊ. चूक मन्ही शे." मी मागून म्हणाले की त्यांची नाही, माझी आहे. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. काकू आत निघून गेल्या. काका म्हणाले की तो कापूस आता या उंबऱ्याच्या आत नको, तुमचं तुम्ही बघा. भाव वाढेल म्हणून त्यांनी एक अख्खी खोली कापसाने भरून ठेवली होती, पण पहिल्या वेचणीचा त्यात सगळ्यात तळाला. तो काढायचा तर खोली रिकामी करावी लागणार होती, लग्नाच्या पाच दिवस आधी. आम्ही निघालो तेव्हा त्यांची भावकी खोलीतून कापूस बाहेर काढायला लागली होती. नवरीही पदर खोचून आत शिरली होती. मी परत येईपर्यंत स्कूटरवर रडत होते.

वाटेत अब्बांनी त्या आजोबांच्या घरी थांबून राखणदारासाठी आपल्या कापसाची गादी कबूल केली. घरी आल्यावर त्यांनी एक नवं कापड काढलं आणि तो मिसळलेला कापूस त्यात भरायला बसले. कोपरे दाबून भरले, चार टाके घातले आणि गादी माझ्या खोलीत टाकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दोन वर्षं दोन घड्यांच्या सतरंजीवर झोपत होते. गादीवाल्याची मुलगी, आणि ना मला कधी सुचलं ना घरात कुणाला. मी विचारलं की यावर, त्या आजोबांच्या कापसावर? अब्बा म्हणाले, कापसाला काही माहीत नसतं. मोबाइल त्यांनी खिशात टाकला, घड्याळाचा गजर बंद केला आणि दार ओढून घेतलं. नऊ वाजले असतील.

जाग आली ती कसल्याशा विचित्र शांततेने. ऊन पार भिंतीवरून खाली उतरलं होतं. क्लास गेला, शाळा गेली. पण त्याहून भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. सोमवार, भर लग्नसराई, आणि आमचं यंत्र वाजत नव्हतं. त्या यंत्राने माझ्या खोलीची भिंत थरथरायची, घरात कुणाच्या आजारपणातसुद्धा ते कधी थांबलं नव्हतं. मला वाटलं काका नवा कापूस घेऊन आलेच नाहीत, अब्बांचं नाव गेलं, आणि त्यांनी दुकानच बंद केलं.

मी तशीच, विस्कटलेल्या केसांनी पुढे धावले. दुकानाच्या ओट्यावर अब्बा हातात दाभण घेऊन एका उशीला टाके घालत होते. शेजारी काका बसले होते. पायाशी नव्या कापसाचं, सरकी काढून बांधलेलं पोतं, केसांत, भुवयांत कापूस. रात्रभर जागे असल्याचं दिसतच होतं. समोर दोन रिकामे चहाचे कप. अम्मीने मागाहून सांगितलं की ते अकरालाच आले होते, आता सव्वा वाजला होता. आल्या आल्या त्यांनी घाई केली, यंत्र चालू करा म्हणाले. अब्बांनी त्यांना हळूच सांगितलं, "पोर जपेल शे." मी झोपलेय म्हणून. त्यावर काकांनी पोतं खाली ठेवलं, चपला काढल्या आणि ओट्यावर बसून राहिले. दोन तास दोघं कुजबुजत बोलत होते, माझी झोप मोडू नये म्हणून.

ते यंत्र आता विकलं गेलं. गावात फोमच्या गाद्यांची तीन दुकानं आहेत आणि पिंजायला कुणी येत नाही. अब्बांना वयाने झोप लागत नाही, मी घरी नसले की माझ्या त्या गादीवर दुपारी पडतात. मी आता शाळेत शिकवते. पहिल्या तासाला दहावीच्या अर्ध्या वर्गाच्या माना खाली असतात, मोबाइलने सुजलेले डोळे. मला राग येतो. खूप राग येतो, ओरडते मी. आणि मग पुष्कळदा फळ्यावर लिहिता लिहिता आपोआप आवाज खाली येतो.

त्या दिवशी मी दारात उभी राहिले. माफी मागायची होती. काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आदल्या दिवशी पाहिलं नव्हतं ते.

"झोप व्हयनी का बेटा?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. तेव्हा ते अब्बांकडे वळून म्हणाले की लावा आता यंत्र, शुक्रवारी लग्न आहे.