फक्कीची इमारत

“पोरगी बोलत न्हाई ओ, पर तिची पेन्सिल लय बोलती.”

नकाशांची गुंडाळी घेऊन मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी होते, तेव्हा आतून हे ऐकू आलं. पोरगी म्हणजे मी. बोलणारे आप्पा, साताऱ्यातल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या वर्कशॉपचे प्रमुख, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मला रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता आणि कॉलेजच्या नव्या वर्कशॉपचा आराखडा तयार करायचं काम माझ्याकडे होतं. माझी शाळा इंग्रजीतून झालेली. मीटिंगमध्ये मराठी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मग मी नकाशावर बारीक खुणा करत बसायचे. त्या कुणी पाहत असेल असं वाटलं नव्हतं.

कारखान्यांना कसली माणसं हवीत हे विचारायला आम्ही दोघं साताऱ्यापासून सांगलीपर्यंत फिरलो. मी प्रश्नावली घेऊन ऑफिसात बसायचे. आप्पा शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर. “सायबाला काय पायजे ते सायेब सांगंल. पोरास्नी काय येत न्हाई ते हितं कळतं,” म्हणायचे. वेल्डर भेटला की आधी त्याचे हात हातात घेऊन उलटसुलट बघायचे, मग नाव विचारायचे. सांगलीच्या एका मॅनेजरनं सांगितलं की मशीनवर मुली हव्यात, पण शिकलेल्या मिळत नाहीत. परतताना आप्पा गाडीत एवढंच म्हणाले, “निम्म्या जागा पोरींच्या. लिवा म्याडम.” मी लिहिलं.

पण त्या वर्षीच्या तुकडीत सहा मुली आल्या होत्या, उरल्या दोन. एक मेढ्याहून एसटीनं यायची, एक पाटणहून. दोघींच्या पाण्याच्या बाटल्या संध्याकाळीसुद्धा भरलेल्या असत. मुलींचं टॉयलेट मैदानापलीकडे, जुन्या इमारतीच्या मागे होतं, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नसत. नव्या नकाशातही, मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे, ते तिथेच होतं. स्टोअररूमच्या चौकोनात मी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं. मीटिंगमध्ये सगळे पुरुष. टॉयलेट हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. सोमवारी नकाशा मंजुरीला जाणार होता, आणि नंतर एक रेघही हलणार नव्हती.

आप्पा आता मेढ्याजवळच्या त्यांच्या गावी असतात. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला पेन्सिलींचं खोकं दिलं, तेही फौजेच्या स्टोअरमधून दिल्यासारखं, माझी सही घेऊन. पण मला ते आठवतात मंजुरीच्या त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारचे.

“कागदावर कुणाचं पाय दुखत न्हाईत,” असं म्हणून त्यांनी सकाळी सकाळी सगळ्यांना मैदानावर बोलावलं. फौजेत मोहिमेआधी डोंगर-नाले वाळूत मांडून दाखवतात म्हणे. आप्पांनी खेळांच्या स्पर्धांत मैदान आखून उरलेली फक्की काढली, दोऱ्या ताणल्या आणि अख्खं वर्कशॉप खऱ्या मापानं जमिनीवर पांढऱ्या रेघांनी आखलं. मशीनच्या जागी खुर्च्या.

“फॉल इन! चला, कामाला लागा.”

प्राचार्य सर सरळ आत चालत आले.

“आवं सर, भिंतीतनं आलासा! दार तिकडं हाय.”

सर निमूटपणे मागे गेले, वळसा घातला आणि दारातून आत आले. सगळे हसले, सरही. संस्थेच्या अध्यक्षांना वेल्डिंगला उभं केलं होतं. वळताना त्यांचं कोपर लेथवर उभ्या केलेल्या क्लार्कला लागलं. “बगा, एक माणूस भाजला,” आप्पा म्हणाले आणि पायानं रेघ पुसून वेल्डिंगचा भाग हातभर सरकवला. तासाभरात दोन दारं, एक खिडकी आणि क्रेनची जागा बदलली. शाळेच्या सहलीला आल्यासारखे सगळे खुशीत होते.

मग त्यांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

“तुमी तीन नंबरच्या मशीनवर. पाटणची पोरगी. चहाची सुट्टी झाली, धा मिनिटं. पाणी प्या आन् जाऊन या.”

कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. मी पाणी प्यायले. खुर्च्यांमधून, क्लार्कच्या मागून, वेल्डिंगच्या पुढून दारापर्यंत गेले. मग अख्खं मैदान ओलांडून जुन्या इमारतीला वळसा घातला. मागे हसणं थांबलं होतं. परत आले तेव्हा आप्पा घड्याळ बघत होते.

“सुट्टी संपली म्याडम. अजून चहा ऱ्हायलाय.” त्यांनी खिशातून माझा नकाशा काढला आणि प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. “हितं पेन्सिलीनं काय तरी इचारलंय. आमाला इंग्रजी येत न्हाई. तुमीच सांगा.”

सगळे माझ्याकडे बघत होते. वाक्य जुळवायला या वेळी मी थांबले नाही. रेघ ओलांडणार होते, पण वळसा घातला, दारातून आत गेले आणि स्टोअररूमच्या चौकोनात उभी राहिले.

“मुलींचं टॉयलेट इथे हवं,” मी म्हणाले. मग आणखी मोठ्यानं, “आणि स्टोअर मैदानापलीकडे न्या. स्क्रूला कुठे घाई असते?”