शाबासकीचा गूळ

भातगिरणीत कोंडा साचतो तसे दवाखान्यात किस्से साचतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग! ऐंशीच्या दशकात मी साकोलीला एका डॉक्टरीणबाईंकडे कंपाउंडर होतो. चावऱ्या, तोडफोड्या पोरांना बाई औषध द्यायच्या अन् त्यांच्या आईबापांची शिकवणी घ्यायच्या. लोक हसायचे. हसू द्या! मी सांगतो त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

*

एकोडीचा दौलत अन् त्याची बायको आपल्या लेकीला, इंदूला घेऊन आले. पोर पाट्या फोडायची. हेडमास्तर गुरुजींच्या मनगटालाही चावली होती. "आता एक खोडी, की शाळेतून नाव कमी!" असं गुरुजींनी बजावलेलं.

बाई म्हणाल्या, "गोळी देते. पण दर बाजाराच्या दिवशी तुम्ही नवरा-बायकोनं शिकायला यायचं."

दौलत उसळला, "बिमार पोरगी, अन् शाळा मले?"

"तुम्हाला शाळा नाही, तर तिला गोळी नाही!"

*

पुढच्या बाजारी आले. इंदूत काडीचा फरक नाही. बाईंनी आईला विचारलं, "गोळी देता ना?"

"देतो नं बाई! पाचही लेकरायले सारखी वाटून. एकीलेच देल्ली तं बाकीचे रडतेत!"

बाई अशा कडाडल्या की रांगेतली माणसं उठून उभी राहिली! मग बाकीच्या चौघांसाठी मी साखरेच्या पुड्या बांधल्या. दौलत हळूच म्हणाला, "भाऊ, आमच्यासाठी बी दोन बांधा."

*

शिकवणीत मुख्य गोष्टी दोनच. पोरीनं थयथयाट केला की तिकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. गप्प झाली की लगेच कौतुक.

दौलतचं घोडं कौतुकापाशी अडलं. "माह्या बापानं मले कधी शाबास म्हनलं नाही. मी कायले म्हनू?"

"शंकरपटात बैल पळाला की काय करता?"

"पाठीवरून हात फिरवतो, गूळ चारतो. 'शाबास माह्या राजा' म्हनतो."

"मग?"

"पन तो बैल जिंकते, बाई!"

"ही एक दिवस चावली नाही, तर जिंकलीच समजा!"

*

गावचा भगत मिरच्यांची धुरी द्यायला आला. इंदू आंब्याच्या खालच्या फांदीवर चढून किंचाळायला लागली. आई तांदूळ निवडत राहिली.

भगत म्हणाला, "पोरगी किंचाळून राहिली, अन् तू पाहत बी नाहीस?"

"तुमी गेले का होते चूप."

भगत गेला. इंदू चूप. खाली उतरली, की हातावर गूळ!

*

महिनाभर बरा गेला. अन् मग इंदूनं शाळेची घंटा बोडीत फेकली! बोडी म्हणजे शाळेमागचं तळं. गुरुजींनी दौलतला बोलावलं. बाईंनी मला सोबत धाडलं.

"नाव कमी! आत्ताच्या आत्ता!" गुरुजींनी छडी टेबलावर आपटली. दौलत खिडकीतून बोडीकडे बघत बसला. गुरुजी आणखी ओरडले. खडूंचा डबा भिरकावला. दौलत ढिम्म!

शेवटी दम लागून गुरुजी खुर्चीत बसले. गप्प झाले.

दौलत तत्काळ उठला. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुपट्ट्याची गाठ सोडून गुळाचा खडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"शाबास माह्या राजा!"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

गुरुजींनी गूळ तोंडात टाकला, अन् दारात उभ्या इंदूला हातानंच खूण केली: जा, वर्गात बस.