बाबांच्या नावाचा नारळ

आज बाजारात ओल्या मासळीचा वास आला आणि मला सानगडीजवळच्या आमच्या तलावाची पाळ आठवली.

त्या वर्षी बाबांनी एकाच भगवंताला मानायची शपथ घेतली होती. घरातले सगळे देव त्यांनी विसर्जित केले होते. जाळी टाकण्याआधी तलावाच्या देवीपुढे आम्हा मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या प्रत्येक घरचा नारळ फुटायचा. बाबांनी नकार दिला.

"मंग मासोळीचा वाटाबी नाई भेटन," पंच म्हणाले.

घरात तांदळाशिवाय काही नव्हतं. मी गुपचूप जाऊन पुजाऱ्याच्या हाती बाबांच्या नावाचा नारळ दिला.

संध्याकाळी वाट्याची टोपली घरी आली.

"काहून देला त्याइनं?" बाबांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. टोपली परत देऊन आले, हात धुतले आणि अंगणात हात जोडून बसले.

"भगवंता, चूक झाली. माफ कर."

"बाबा, नारळ त मी देला. तुमी कायले माफी मांगता?"

"नाव माह्यं होतं, बाई."

त्या रात्री आम्ही मीठभात खाल्ला. मला कुणी एक शब्दही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.