आर्नोचा आवाज

ओउलू शहरातल्या मंडईत मासळीच्या गाळ्याला लागून तुइरेचं फोनदुरुस्तीचं दुकान होतं. बाई फटकळ, पण गिऱ्हाइकाला खोटी आशा लावणं तिला जमत नसे.

एका सकाळी सिल्वी नवऱ्याला, आर्नोला, घेऊन आली. घशाच्या ऑपरेशनात त्याचा आवाज गेला होता. त्याआधी त्याने रोजची वाक्यं स्वतःच्या आवाजात एका ॲपमध्ये भरून ठेवली होती. फोनवर बोट टेकवलं की आर्नो बोलायचा. आता फोनने नवी सिस्टिम घेतली आणि ॲप उघडेना.

“जुनी सिस्टिम परत घाल,” सिल्वी म्हणाली. “येते म्हणे घालता.”

“येते. पण फोनची कंपनी हे आणखी थोडेच दिवस चालू देईल. मग फोन जुनी सिस्टिम घेणारच नाही.”

“मग बघत काय बसलीस?”

“अगं, मागे जायचं तर फोन कोरा करावा लागतो. आत्ता काढलेला बॅकअप जुनी सिस्टिम घेत नाही. आवाज कायमचा जाईल. दुसरीकडे कॉपी आहे?”

नव्हती.

“जमत नाही असं सरळ सांग ना!” सिल्वी कडाडली. आर्नोने मात्र फोन तुइरेपुढे सरकवला आणि मान डोलावली. तू म्हणशील तसं.

तुइरेने फोन कोरा केला नाही. मुदत संपली, परतीचं दार बंद झालं. त्या दिवशी तुइरे पुन्हा पुन्हा तो फोन काढून बघत बसली. आपली चूक झाली असेल तर? सिल्वी तर दुकानासमोरून तोंड फिरवून जाऊ लागली.

ॲप बनवणारा इल्पो ते काम सोडून वासा नावाच्या गावी होड्या बांधत होता. तुइरेच्या मेलला उत्तर देईना. रविवारी तुइरे गाडीत बसली आणि थेट त्याच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली.

“ते कधीच सोडलं मी,” इल्पो म्हणाला. “वापरतंय कोण आता?”

“एक माणूस. तो त्यातूनच बोलतो.”

इल्पोने रंधा खाली ठेवला. पुढचे कित्येक दिवस तो नव्या सिस्टिमशी झगडला, तुइरे दुकानातल्या दुसऱ्या फोनवर चाचण्या घेत राहिली. अखेर आर्नोच्या फोनवर नवं ॲप जुन्यावर बसलं. आतलं सगळं शाबूत होतं. तुइरेने आधी कॉप्या काढल्या, मग फोन आर्नोच्या हातात दिला.

त्याने बोट टेकवलं. “सिल्वी, कॉफी ठेव.”

“आला आवाज, की लागला हुकूम सोडायला!” सिल्वी म्हणाली. मग तुइरेचा हात धरून ती नुसतीच उभी राहिली. शेवटी कॉफी तुइरेनेच ठेवली.