वन्संचं नाक

माझ्या थोरल्या नणंदेइतकं तिखट नाक उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचं नसेल. पंचवटीतल्या त्यांच्या घरात पाहुणा टेकायच्या आत वन्सं त्याच्या कपड्यांचा वास घेत. उदबत्ती, डासांची कॉइल, पावडर, सगळ्याला बंदी. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी धूप विझवायला लावला. "देवाला फुलांचा वास पुरतो," म्हणाल्या. लोक हसायचे. मीही हसले आहे.

हे वेड लेकीपायी लागलं. नव्वदच्या सुमारास त्यांचं बिऱ्हाड सासरी, वणीकडं होतं. पोटुशा असतानाही द्राक्षबागेत औषध मारताना त्या यजमानांच्या मागं नळी धरून चालत, पिंपातलं औषध हातानं ढवळत. लेक झाली, आणि तिसऱ्या वर्षी तिला दमा लागला. नाशिकच्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. "याच कारणानं झालं असं नक्की नाही सांगता येणार. पण मूल पोटात असताना अशी औषधं आईच्या अंगावर गेली, तर दम्याचा धोका वाढू शकतो." त्यातलं 'नक्की नाही' वन्संनी ऐकलंच नाही. शेत दिरावर सोपवून ती दोघं लेकीला घेऊन पंचवटीत आली.

पुढं मला सहावा महिना होता. फवारणी चालू असताना मी आमच्या बागेत चहा घेऊन निघाले. माहेरी आलेल्या वन्सं धावत आल्या आणि किटली हिसकावून घेतली.

"ताई, तुझं आपलं काहीतरीच!" माझे यजमान हसले. "सगळ्याच बाया बागेत राबतात."

"राबत असतील. हिला मी घेऊन चालले. बाळंतपण होईस्तोवर नाय धाडणार, लय गोड बोललास तरी!"

नेसत्या साडीनिशी मला रिक्षात घातलं. मुलगी झाली ती खणखणीत. वन्संमुळं की नशिबानं, कोण सांगणार?

वन्संची लेक, माझी भाची, बारा वर्षांची असताना एका सकाळी मी पंचवटीत होते. तिची धाप नुकतीच बसली होती. दम्याचा पंप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "आई, तू नळी धरली नसतीस, तर मला हे झालं नसतं का गं?"

वन्संनी पंपाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं गं."

भाचीनं उठून वेणीसाठी आईपुढं पाठ केली. मग दोघी शाळेला निघाल्या. दप्तर वन्संच्या खांद्यावर होतं, आणि एरवी तरातरा चालणाऱ्या वन्सं लेकीच्या पावलांनी, थांबत थांबत चालल्या होत्या.