नव्या पुस्तकाची बोणी

नवं पुस्तक हातात आलं की आमच्या ग्रंथालयातल्या ताई ते आधी टेबलावर पाठीवर उभं धरायच्या. दोन्ही पुठ्ठे दोन बाजूंना निजवायच्या. मग सुरुवातीची काही पानं, शेवटची काही पानं, पुन्हा इकडची, पुन्हा तिकडची, अशी अंगठ्यानं हलके दाबत मधोमध पोचायच्या. "एकदम उघडू नये," म्हणायच्या. "दचकतं."

पुस्तक असं उघडण्याची पद्धत आम्हाला ग्रंथालयशास्त्रात शिकवलेली होती, शिलाई उसवू नये म्हणून. दचकण्याचा उल्लेख तिथे नव्हता.

तुम्ही नवं पुस्तक कसं उघडता ते आठवून पाहा. बहुतेक माणसं ते शेंगेसारखं फोडतात आणि नाकाला लावतात. आमच्या विभागात कोणी तसं केलं तर ताई पुस्तक काढून घ्यायच्या आणि त्याच्या हातात एखादं जुनं द्यायच्या. "याच्यावर करा सराव."

सुरतेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, नव्वदच्या दशकात, आम्ही एका खोलीत बसत होतो. मी त्या विभागाचा प्रमुख. आलेल्या पुस्तकाला विषयाप्रमाणे क्रमांक द्यायचा आणि त्याची कार्डं करायची हे काम त्यांचं. गुजराती मंडळी त्यांना बेन म्हणत, मी ताई म्हणत असे, त्या मला भाऊ. त्या मूळच्या खानदेशातल्या, मी सांगलीकडचा पण वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे सुरतेजवळच्या उधन्याला वाढलेला. त्या अहिराणीत रागवायच्या, मराठीत काम करायच्या आणि गुजरातीत सुट्टी मागायच्या. गुजरातीत मागितलेली सुट्टी नाकारली जात नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं.

विद्यापीठाचा पैसा मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जातो. त्यामुळे वर्षभर आमच्याकडे पुस्तकं येत नसत आणि मार्चमध्ये पाय ठेवायला जागा उरत नसे. विक्रेते तागाच्या गासड्या आणून टाकत. पुस्तकं आहेत की साड्या, हे गासडी सोडेपर्यंत कळायचं नाही. मग बिलाशी ताळा, दाखल क्रमांक, शिक्के, कार्डं, आतल्या बाजूला खिसा, तारखेची चिठ्ठी. मे महिन्यात आमच्या खोलीला लग्नघरासारखा खळीचा आणि घामाचा वास असायचा.

प्रत्येक ग्रंथालयाचं एक गुप्त पान असतं. कोणी पुस्तक पळवून पहिली पानं फाडली तरी ठरलेल्या आतल्या पानावरच्या शिक्क्यानं ते ओळखता यावं, म्हणून. ते पान फक्त कर्मचाऱ्यांना माहीत असावं असा नियम. ताई ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी हटकलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "कुत्र्यापासून सावध राहा, असं लोक फाटकावर लिहितात ना? कुत्रा गुप्त ठेवून काय फायदा?"

त्यानंतर मी हटकलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते बोणीबद्दल. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपल्याकडे भवानी म्हणतात, सुरतेत बोणी. ताईंचं घर शहरातल्या पर्वत पाटिया भागात होतं आणि खालीच नवऱ्याचं साड्यांचं लहानसं दुकान. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक तिथे रिकाम्या हातानं जाऊ देत नसत. ताईंनी हा नियम ग्रंथालयात आणला. तयार झालेलं नवं पुस्तक रीतसर आधी बाहेरच्या काचेच्या कपाटात, सगळ्यांना दिसेल असं मांडायचं असतं. ताई मांडू देत नसत. आधी कोणीतरी ते घरी न्यायचं, दोन दिवसांनी आणायचं, मग कपाटात.

"तारखेची चिठ्ठी कोरी असली की माणूस घाबरतो," त्या म्हणायच्या. "आपल्याआधी कोणी नेलं नाही म्हणजे काहीतरी खोट असणार. एक शिक्का दिसला की दुसरा हात पुढे येतो. साडीचंही तसंच आहे."

त्यामुळे दुपारच्या चहानंतर ताई पुस्तक पदराखाली धरून पहिल्या वाचकाच्या शोधात निघायच्या. वऱ्हांड्यात त्यांना पाहून प्राध्यापक जिना बदलत. प्राणिशास्त्राच्या एका गृहस्थांनी हिशेबतपासणीवरचं पुस्तक नेलं, कारण त्यांच्या हातात छत्री होती आणि त्यांना पळता आलं नाही. तर्कशास्त्राचा एक ठोकळा त्यांनी कँटीनवाल्याला दिला.

"बेन, आ मारा कामनी नथी," तो म्हणाला.

"कोणाच्याच कामाची नाही. तू ने."

त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणलं आणि म्हणाला, "सारी छे." चांगली आहे. पुढे त्या विषयाच्या प्राध्यापकांनीही ते पुस्तक वाचलं, पण त्यांचं मत इतकं स्पष्ट नव्हतं.

हजीऱ्याच्या किनाऱ्यावरच्या गाळासंबंधी एक जाडजूड ग्रंथ आला होता. त्याला कोणी हात लावीना. शेवटी ताईंनी पोस्टमनला गाठलं. त्याचा मेव्हणा हजीऱ्याला कारखान्यात होता. "मग झालं की," ताई म्हणाल्या. पोस्टमन ग्रंथालयाचा सभासद नव्हता. त्या काळी प्रत्येक सभासदाला पुठ्ठ्याची कार्डं मिळत, एका कार्डावर एक पुस्तक. माझी कार्डं ताईंच्या खणातच पडलेली असत. गाळाचा ग्रंथ माझ्या कार्डावर गेला.

त्यांनी मला विचारलं होतं. त्या प्रत्येक वेळी विचारायच्या. "भाऊ, देऊ का?" आणि मी मान वर न करता "द्या" म्हणायचो. हे मी मुद्दाम स्वच्छ लिहून ठेवतो आहे, कारण इथून पुढे त्याची गरज आहे.

एका मार्चमध्ये कापडाच्या रंगाईवरचं एक महागडं पुस्तक आलं. परदेशी छपाई, आणि पानापानावर रंगवलेल्या कापडाचे खरे तुकडे चिकटवलेले. रसायनशास्त्राच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ते मागवलं होतं. ते आलं का, हे विचारायला ते इतक्या वेळा येत की ताईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती.

त्याच सुमाराला ताईंच्या गल्लीतला एक माणूस अडचणीत होता. कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये तो रंगाई मास्तराच्या हाताखाली होता. त्याच्या खात्यातला काळा रंग धुतल्यावर तांबूस पडत होता आणि मालकानं आठवडाअखेरची मुदत दिली होती. ताईंनी त्याला थेट आमच्या खोलीत आणलं.

"हात धुई ये पहिले," त्या त्याला म्हणाल्या.

"धुयेल शेतस, ताई. रंगच जात नही."

त्याचे हात मनगटापर्यंत निळे-काळे होते. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं पुस्तक घेतलं, अक्षरं ओलांडत काळ्या कापडाच्या तुकड्यापाशी गेला, तो बोटांनी न्याहाळला आणि शेजारचा आकड्यांचा तक्ता पाहत राहिला. आमच्या खोलीत कोणी पुस्तक इतका वेळ उघडं ठेवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. आम्ही पुस्तकं बंद करण्यात पटाईत.

"भाऊ, देऊ का?" ताईंनी विचारलं.

मी म्हणालो, "द्या. माझ्या कार्डावर."

ठरल्या दिवशी पुस्तक परत आलं. त्याची नोकरी वाचली होती. पुस्तक मात्र वाचलं नव्हतं. काळ्या रंगाच्या पानावर एक अंगठा उमटला होता, इतका स्वच्छ की पोलिसांना पावडर लागली नसती. ताईंनी तो खोडरबरानं घासून पाहिला, पावाच्या तुकड्यानं घासून पाहिला. मग म्हणाल्या, "रंग पक्का आहे. शिकला म्हणायचा."

प्राध्यापकांना यात गंमत दिसली नाही. ते पुस्तक घेऊन सरळ ग्रंथपालांकडे गेले. ग्रंथपाल नवीन होते, शिस्तीचे होते, आणि त्यांना एक अंगठा पुरला. कोरं पुस्तक, कपाटात मांडण्याआधी, सभासद नसलेल्या मिल कामगाराला. आम्हा दोघांना बोलावणं आलं. उपग्रंथपालाच्या जागेसाठी माझं नाव त्याच महिन्यात वर जायचं होतं. हे कारण नाही, परिस्थिती आहे.

"तुमच्या कार्डावर दिलंय," ग्रंथपाल मला म्हणाले.

"माझी कार्डं यांच्याच खणात असतात, साहेब," मी म्हणालो. "कोणाला दिलं ते मला माहीत नाही."

पहिलं वाक्य खरं होतं. त्यामुळे दुसऱ्यावर कोणाला शंका आली नाही.

हे खरं का, म्हणून ग्रंथपाल ताईंकडे वळले. "बेन, साचुं?"

ताई माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्या टेबलावरच्या पुस्तकाकडे बघत होत्या. कोणीतरी ते शेंगेसारखं फोडून पालथं घातलं होतं. त्यांनी ते सरळ केलं, मिटलं आणि म्हणाल्या, "हां साहेब. पूछवानुं रही गयुं." विचारायचं राहून गेलं.

बाहेर वऱ्हांड्यात मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमची कार्डं खणात आहेत. काढून घ्या, नंतर खणाची किल्ली दुसऱ्याकडे जाईल."

गेलीच. ताईंची बदली तळघरात झाली, जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधणीवर. नवी पुस्तकं त्यांच्या हाताखालून जाणं बंद झालं. शिक्षा म्हणून कोणी हे लिहिलं नाही, कामाची फेरवाटणी असा शब्द होता. मला जागा मिळाली. बोणी अर्थातच थांबली. नवी पुस्तकं थेट कपाटात जाऊ लागली आणि त्यातली बरीचशी, मी निवृत्त होईपर्यंत, तिथून कोऱ्या चिठ्ठीनिशी आत गेली. कोणी नेली नाहीत. अंगठा तर एकावरही उमटला नाही.

भेटल्या की ताई मला भाऊच म्हणायच्या. घरी संक्रांतीचा तिळगूळ पाठवायच्या. हे सगळं त्यांनी थांबवलं असतं तर मला बरं पडलं असतं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. पर्वत पाटियाच्या त्यांच्या इमारतीखाली बेसणं होतं. लोक येऊन फोटोला हात जोडतात, थोडं बसतात, जातात. मी आता काठी घेऊन चालतो, त्यामुळे मला पुढची खुर्ची मिळाली. आमच्या वेळचा एक सहकारी शेजारी बसून इतरांना सांगत होता, "बेन तो जबरां हतां! साहेबना कार्ड पर मिलवाळाने चोपडी, ने साहेबने खबर ज नहीं!" साहेबाच्या कार्डावर मिलवाल्याला पुस्तक, आणि साहेबाला खबरच नाही. मंडळी हसली. बेसण्यात हसू येईल इतका तो किस्सा आता गुळगुळीत झालेला आहे. मीही हसलो.

तेवढ्यात एक म्हातारा माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, स्वच्छ हात.

"साहेब, वळखलं का? कडोदऱ्याचा. काळा रंग."

मी ओळखलं नव्हतं. हातांमुळे ओळखलं नव्हतं.

तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले, पण माझ्या वयात ते वेळेवर होत नाही. "ताई तवाच बोलल्या व्हत्या," तो म्हणाला, "आमच्या साहेबांनी सोताच्या कार्डावर दिलंय, नीट वापर. तुमच्यामुळे मास्तर झालो, साहेब. पोरांची लग्नं झाली."

सहकाऱ्याचं हसू अर्धवट राहिलं. तो माझ्याकडे बघू लागला. मी चहा मागितला.

"तो डाग पडला त्याचा ताईंना तरास तर नाही ना झाला?" मास्तरनं विचारलं. "मी लई बार इचारलं. त्या म्हनायच्या, काही नही रे भो, मी नव्या पुस्तकांवरच शे. शेवटपर्यंत तिथंच व्हत्या ना, साहेब?"

चाळीस माणसं बसली असतील. फोटोला मोगऱ्याचा हार होता. मी म्हणालो, "हो. तिथेच होत्या."

त्याला बरं वाटलं. तो गेला. सहकाऱ्यानं मला रिक्षात बसवलं आणि काठी आत ठेवली.

तर, त्या तिथे नव्हत्या. मास्तर हे वाचील असं नाही, पण कोणी वाचून त्याला सांगितलं तर माझी हरकत नाही. पुस्तक मी दिलं होतं आणि ताई निवृत्त होईपर्यंत तळघरात होत्या. मी तिथे एकदाच गेलो, कुठल्याशा जुन्या अंकाच्या निमित्तानं. त्या दिव्याखाली बसून वर्तमानपत्रांचा गठ्ठा शिवत होत्या, दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन. मार्च होता. वर आमच्या मजल्यावर नव्या पुस्तकांची ढकलगाडी निघाली आणि तिची चाकं तळघराच्या छतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजत गेली. ताईंनी दाभण मधेच थांबवलं. आवाज पुरता जाईपर्यंत त्या वर बघत राहिल्या. मग त्यांनी दोरा ओढला.