अळणी ताक

कपाट आवरताना जुना मल्टीमीटर हाती आला आणि केबिन रोडवरून शहाळं आणलेला तो रविवार आठवला. कुठल्या पेयात क्षार जास्त, हा लेकीचा प्रयोग होता. ओट्यावर शहाळ्याचं पाणी, लिंबू सरबत, आमचं ताक आणि बाबांचं अळणी ताक मांडलेलं. बॅटरीला जोडलेल्या तारा ग्लासात बुडवायच्या. जितके क्षार जास्त, तितकी वीज जास्त वाहते आणि मल्टीमीटरवरचा आकडा मोठा. बाबांचं हृदय कमजोर होतं, पाय सुजायचे, डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. तरी सूज उतरेना, म्हणून गोळ्या वाढत चालल्या होत्या. "पप्पा, दोन्ही ताकांचा आकडा सेम येतोय," लेक म्हणाली. मी बाबांच्या ताकाचा घोट घेतला. खारट! मी आईकडे पाहिलं. "अळणी जेवण ताटात टाकून उठायचे रे ते," ती म्हणाली. "उपाशी कसं ठेवू? चिमूटभरच घालते." दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांना सगळं सांगितलं. मीठ खरोखर सुटलं, हळूहळू सूजही उतरली. पण इतके महिने शेजारी बसून जेवताना त्यांच्या ग्लासातला एक घोटही मी कधी घेतला नव्हता, याचा धक्का मला अजून बसतो.